खरेदी केंद्रावर गाडी नेमकी कुठे अडते? कामाचा नकाशा काढून शोधायची रीत

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की विदर्भातल्या बहुतेक खरेदी केंद्रांवर दुपारी तेच बोलणं ऐकू येतं. शेतकरी म्हणतो, ग्रेडर (मालाची प्रत तपासणारा) हळू आहे. ग्रेडर म्हणतो, हमाल कमी आहेत. हमाल म्हणतात, बारदाना (रिकामी पोती) वेळेवर मिळत नाही. कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी म्हणते, माझ्याकडे कागदच अर्धवट येतात. खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येकाला आपल्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढं तो सांगतो, आणि गाडी गेटमधून आत आल्यापासून पावती हातात पडेपर्यंतचं सगळं काम एकदम कुणालाच दिसत नाही. ते सगळ्यांना एका कागदावर दिसावं म्हणून कामाचा नकाशा काढायचा असतो. कारखान्यांत आणि कार्यालयांत त्याला प्रोसेस मॅप म्हणतात.

शेतकरी उत्पादक कंपनीत नव्याने लागलेले व्यवस्थापक, संगणक चालक, पहिल्यांदाच संचालक झालेल्या ताई आणि भाऊ यांच्यासाठी हे लिहितो आहे. जिनिंग, दालमिल किंवा ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल. उदाहरण मात्र सोयाबीन खरेदीचंच घेतलं आहे, कारण एकच काम शेवटपर्यंत पाहिलं की रीत हातात बसते.

ही रीत जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी नवराबायकोने १९२१ मध्ये तिथल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्ट मांडला. फ्रँक यांची सुरुवात विटा रचणारा गवंडी म्हणून झाली होती. पुढे १९४७ मध्ये त्याच संस्थेने अशा तक्त्यांसाठी पाच खुणा ठरवून दिल्या: काम, वाहतूक, तपासणी, थांबणं आणि साठवण. या पाचांकडे नीट बघा. माल खरोखर बदलतो तो फक्त पहिल्या खुणेत. बाकीच्या चारांत तो हलतो, तपासला जातो किंवा नुसता पडून राहतो. आपल्या केंद्रांवरचा दिवस याच चारांत जातो, आणि भांडणं मात्र पहिल्यावर होतात.

आधी एकच काम निवडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना खुंटी ठोका

‘खरेदी व्यवस्था सुधारायची’ हे काम फार मोठं आहे, त्याचा नकाशा निघत नाही. ‘गाडी गेटमधून आत येते’ ही सुरुवात आणि ‘शेतकऱ्याच्या हातात पावती पडते’ हा शेवट, असं ठरवलं की नकाशा निघतो. पावतीपासून खात्यात पैसे जमा होईपर्यंतचं काम वेगळं आहे. तिथे मिनिटांऐवजी दिवस मोजायचे असतात आणि माणसंही वेगळी असतात. त्याचा नकाशा वेगळा काढा. दोन्ही एकात घातले की कागद भरतो आणि कुणालाच काही कळत नाही.

काम निवडताना मी दोन गोष्टी पाहतो. ते रोज पुन्हा पुन्हा होतं का, आणि ते बदलणं आपल्या हातात आहे का. हमीभाव, पोर्टल केव्हा सुरू होणार, बारदाना जिल्ह्याला किती आला, हे आपल्या हातात नाही. आलेला बारदाना काट्यापाशी सकाळीच आणून ठेवायचा की दर गाडीला गोदामातून आणायचा, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. नव्या माणसाने पहिला नकाशा दुसऱ्या प्रकारच्या कामाचाच काढावा.

मग माणसं गोळा करा, आणि योग्य माणसं गोळा करा

काम जे हातांनी करतात ते सगळे हवेत: गेटवर नोंद करणारा, ग्रेडर, चाळणीवरची माणसं, मापारी, हमाल, संगणक चालक. शिवाय नुकताच माल घालून गेलेला एक तरी शेतकरी हवा. तो पहाटे घरून निघतो आणि संध्याकाळी परत जातो. मधल्या वेळात त्याला कुठे उभं राहावं लागलं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि आपण त्यालाच विचारत नाही.

अध्यक्ष, संचालक यांना पहिला तासभर बोलावू नका, असं मी स्पष्ट सांगतो. यात त्यांचा अनादर नाही. अध्यक्ष समोर बसले असले की हमाल मान डोलावतात आणि नियमात जे लिहिलं आहे तेच सांगतात. नकाशा उभा राहिला की संचालकांना आणा आणि तो हमालांनाच समजावून सांगू द्या.

वेळ कोणती? हंगाम संपल्यावर बसलात तर आठवणीवर काम चालतं आणि आठवण बरंच गाळते. हंगाम चालू असतानाच, खरेदी बंद असलेल्या दिवशी किंवा सकाळी गाड्या लागण्याआधी शेडमध्ये सतरंजी टाकून बसा. ऑफिसच्या खुर्च्यांवर नको. शेडमध्ये बसलं की बोलता बोलता माणूस उठतो, जागेवर जाऊन दाखवतो, आणि नकाशाला ते फार उपयोगी पडतं.

प्रश्न विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. ‘तुम्ही वजन कसं करता?’ असं विचारलं की उत्तर नियमाचं येतं. त्याऐवजी विचारा, ‘दादा, काल शेवटची गाडी कोणाची होती? ती आली तेव्हापासून सांगा.’ मग उत्तर येतं, ‘गाडी तं लागली होती जी, पण कट्टेच नोते ना. चाबी पाटलाजवळ, अन् पाटील गेले जेवाले. मंग काय, बसलो.’ (कट्टे म्हणजे पोती.) या एका उत्तरात नकाशाचे तीन चौकोन आहेत आणि त्यातलं एकही कुठल्याच नियमपुस्तकात सापडणार नाही. नेहमी विशिष्ट गाडी, विशिष्ट दिवस विचारा. ‘नेहमी काय होतं’ हा प्रश्न टाळा.

कागदावर यायच्या आधी एका गाडीमागे चाला

बैठकीत सांगितलेलं आणि जागेवर घडणारं यात फरक राहतोच. म्हणून एक गाडी निवडा आणि ती गेटवर आल्यापासून तिच्यासोबत राहा. हातात वही, खिशात मोबाइल. शेतकऱ्याला आधीच सांगा, ‘काका, तुमच्या गाडीला किती वेळ लागतो ते लिहून घेतो आहे, पुढच्यांचा वेळ वाचावा म्हणून.’ लोक आनंदाने परवानगी देतात, वर चहाही पाजतात.

प्रत्येक ठिकाणी दोन वेळा लिहा: गाडी तिथे पोहोचली केव्हा आणि तिचं काम सुरू झालं केव्हा. नवीन माणूस बहुधा दुसरी वेळ तेवढी लिहितो. मग थांबण्याचा काळ वहीत येतच नाही, आणि सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट हातातून निसटते.

गाडीसारखंच एका कागदामागेही चाला. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, पासबुकाची झेरॉक्स, यांचा गठ्ठा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो ते पाहा. तो टेबलावर कुठे पडून राहतो आणि त्यावरचं नाव किती ठिकाणी पुन्हा लिहिलं जातं तेही टिपा. बहुतेक केंद्रांवर शेतकऱ्याचं नाव आणि गाव टोकन रजिस्टरमध्ये, ग्रेडिंगच्या चिठ्ठीवर, काटापट्टीवर आणि शेवटी कॉम्प्युटरवर असं चारदा लिहिलं जातं. चारदा लिहिलं की चुकायला चार जागा मिळतात.

शक्य असेल तर सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची अशा वेगवेगळ्या गाड्यांमागे जा. सकाळची पहिली गाडी पाहून काढलेला नकाशा फार गोड निघतो.

नकाशा काढणं

सामान साधं आहे. जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू, वहीचे कागद कापून केलेल्या चिठ्ठ्या, चिकटपट्टी, स्केच पेन. सुरुवातीला कॉम्प्युटरवर काढू नका. स्क्रीनवर एकच माणूस माउस धरतो आणि बाकीचे बघत बसतात. जमिनीवरच्या फ्लेक्सवर हमालसुद्धा वाकून चिठ्ठी उचलतो आणि म्हणतो, ‘हे इथं नाही, हे आधी होते.’ ती चिठ्ठी हलली की समजा नकाशा खरा व्हायला लागला.

फ्लेक्सवर आडवे पट्टे आखा, प्रत्येक माणसाचा एक. सगळ्यात वरचा पट्टा शेतकऱ्याचा ठेवा. मग गेट, ग्रेडर, चाळणी, काटा आणि हमाल, संगणक चालक. प्रत्येक कृतीची एक चिठ्ठी लिहा आणि ती कृती जो करतो त्याच्या पट्ट्यात लावा. चिठ्ठीवर क्रियापद हवं. ‘ओलावा’ असं लिहू नका, ‘ओलावा मोजतो’ असं लिहा. सुरुवात आणि शेवट यांना लांबट गोल, कृतीला चौकोन, जिथे हो-नाही ठरतं तिथे पतंगासारखा चौकोन, आणि सगळ्यांना जोडणारे बाण. नवख्याला एवढ्या खुणा पुरतात. थांबण्याच्या ठिकाणी मी लाल चिठ्ठी लावतो आणि तिच्यावर फक्त मिनिटं लिहितो.

बाण जिथे एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात उतरतो तिथे काम एका हातातून दुसऱ्या हातात जातं. अशा प्रत्येक जागी बोट ठेवून विचारा: पुढच्याला कसं कळतं की आता आपली पाळी आली? हाक मारून, चिठ्ठीने, की तो स्वतः बघायला येतो? ‘कळतेच ना’ असं उत्तर आलं की तिथे लाल चिठ्ठी नक्की लागणार आहे.

आता हो-नाहीच्या चौकोनांवर थोडं थांबतो, कारण नकाशे इथेच अर्धवट राहतात. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, म्हणून हा आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा, बदलला तर चिठ्ठी बदलता येते. ‘ओलावा मर्यादेत आहे का?’ या चौकोनातून ‘हो’चा बाण सगळेच काढतात. ‘नाही’चा बाण काढला की बैठक शांत होते. गाडी परत जाते. कुठे? गावाला की शेडच्या मागे? माल वाळवायला जागा आहे का? ताडपत्री कुणाची? वाळवून आणल्यावर त्याचा नंबर शाबूत की पुन्हा रांगेच्या शेवटी? रात्र झाली तर? ‘नाही’चा बाण जोवर कुठल्यातरी गोलात जाऊन संपत नाही तोवर नकाशा पूर्ण झाला असं म्हणू नका. ज्याचा माल परत जातो त्याचाच दिवस सगळ्यात वाईट जातो, आणि नकाशात जागा नसते तीही त्याचीच.

वाळवण्यावरून आणखी एक गोष्ट नकाशा काढताना ठरवून घ्यावी. १४ टक्के ओलाव्याचे १०० किलो सोयाबीन १२ टक्क्यांवर आणले की वजन सुमारे ९७.७ किलो भरतं, कारण कोरडा भाग ८६ किलोच राहतो आणि तो नव्या वजनाच्या ८८ टक्के असतो. म्हणजे क्विंटलमागे सव्वादोन किलोंच्या आसपास पाणी उडून जातं. शेतकऱ्याने घरी मोजून आणलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं नाही की संशय मापारीवर येतो. ओलावा मोजतानाच हा हिशेब सांगणारी एक चिठ्ठी ग्रेडरच्या पट्ट्यात टाकली की काट्यावरचा वाद बराच कमी होतो.

आकडे घाला आणि मग वाचा

समजण्यासाठी एक उदाहरण मांडतो. आकडे मी सोपे घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला. १० क्विंटलची गाडी आहे, म्हणजे ५० किलोचे २० कट्टे. गेटवर नोंद ५ मिनिटं. मग ग्रेडरसाठी थांबणं ८०. तपासणी १०. चाळणीसाठी थांबणं ४०. चाळणी २५. काट्यासाठी थांबणं ३०. भराई, वजन आणि शिलाई मिळून ४५. पावतीसाठी थांबणं ३५. पावती १०.

कामाची बेरीज ९५ मिनिटं, थांबण्याची १८५. एकूण २८० मिनिटं, म्हणजे ४ तास ४० मिनिटं. त्यातलं खरं काम एक तृतीयांशच्या जवळपास. हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा, कारण ‘सगळे लवकर लवकर हात चालवा’ हा आपला नेहमीचा उपाय फक्त त्या ९५ मिनिटांवर चालतो.

सगळ्यात मोठी लाल चिठ्ठी ग्रेडरच्या आधी आहे, म्हणून दोष ग्रेडरचा, असं सगळे म्हणतील. इथे घाई करू नका. ग्रेडरचं काम १० मिनिटांचं आहे. तो पुढची गाडी घेत नाही, कारण चाळणीपाशी जागा नाही. चाळणी रिकामी होत नाही, कारण काटा अडलेला आहे. काट्याला गाडीमागे ४५ मिनिटं लागतात, आणि बाकी कुणालाच एवढा वेळ लागत नाही. कालव्यात वरून कितीही पाणी सोडा, शेतात ते पाटाच्या तोंडाएवढंच पडतं. केंद्राचा वेग काटा ठरवतो. रांग दिसते ती मात्र त्याच्या कितीतरी मागे, भलत्याच माणसापुढे.

मग हिशेब सोपा होतो. ९ तासांचा दिवस म्हणजे ५४० मिनिटं, भागिले ४५, उत्तर १२. दिवसाला १२ गाड्या होतील. तुम्ही २० जणांना त्याच दिवशी बोलावलं असेल तर ८ गाड्या मुक्कामी राहणार, हे सकाळी गेट उघडतानाच ठरलेलं असतं. त्यात कुणाचाच आळस नाही.

मोजमाप बरोबर आहे का हे ताडून पाहण्याची एक सुंदर युक्ती आहे. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ मध्ये तिचं गणिती प्रमाण दिलं. आवारात सरासरी किती गाड्या आहेत आणि दर किती मिनिटांनी एक गाडी बाहेर पडते, यांचा गुणाकार केला की एका गाडीला लागणारा सरासरी वेळ मिळतो. आवारात साधारण ६ गाड्या असतील आणि दर ४५ मिनिटांनी एक सुटत असेल, तर ६ गुणिले ४५, म्हणजे २७० मिनिटं. वर आपण मोजलेली २८० त्याच्या जवळ आहेत, म्हणजे वहीतले आकडे भरवशाचे. फरक फार मोठा आला तर पुन्हा एका गाडीमागे चाला. घड्याळ नसतानाही ही युक्ती चालते. गेटवरून गाड्या मोजा आणि नव्याने आलेल्या काकांना खरा वेळ सांगा. ‘होते लवकर’ असं सांगण्यापेक्षा ‘दुपारचे तीन वाजतील’ हे ऐकलं की माणूस जेवून येतो.

बदल कुठे करायचा

बदल काट्यावर करायचा, म्हणून काट्याची ४५ मिनिटं फोडा. उदाहरणात: बारदाना आणणं १२, भराई १८, वजन ५, शिलाई १०. या चारांपैकी बारदाना आणणं हे काट्यावर गाडी उभी असताना व्हायची काहीच गरज नाही. दिवसभराच्या टोकनांचा बारदाना सकाळीच मोजून काट्यापाशी थप्पी लावली, तर ४५ चे ३३ होतात आणि ५४० भागिले ३३ म्हणजे १६ गाड्या. हमालांनी एक कट्टासुद्धा घाईने न उचलता दिवसाला ४ गाड्या वाढल्या. चाळणीवर १० मिनिटं वाचवली असती तर मात्र एकही गाडी वाढली नसती. वाचलेली १० मिनिटं काट्याच्या रांगेत जाऊन बसली असती.

कुठल्याही चिठ्ठीकडे बघताना मी याच क्रमाने विचारतो: हे काम मुळीच नको करायला चालेल का? दुसऱ्या कामासोबत करता येईल का? आधी किंवा नंतर करता येईल का? आणि हे तिन्ही जमत नसेल तर ते सोपं करता येईल का? यंत्र विकत घेण्याचा विचार सगळ्यात शेवटी. हाताने सुतळी घालण्याऐवजी शिलाई मशीन घेणं चांगलंच, पण बारदान्याचा प्रश्न तसाच ठेवून मशीन आणलं तर पैसे जातात आणि रांग फारशी हलत नाही.

हमालांशी एक बोलणं मोकळेपणाने करून घ्या. त्यांची मजुरी बहुतेक ठिकाणी कट्ट्यामागे असते. एखाद्या बदलाने त्यांचा कट्टा कमी होणार असेल, तर ते बैठकीत गप्प बसतील आणि शेडमध्ये तो बदल टिकणार नाही. त्यांचं म्हणणं रास्त आहे. गाड्या वाढल्याने त्यांचीही कमाई वाढते का, हे त्यांच्यासमोरच मांडा. आणि नकाशाचा उपयोग कुणाला कामावरून काढण्यासाठी एकदा जरी झाला, तरी त्या केंद्रावर पुन्हा कुणी खरं सांगणार नाही. हे व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी संचालकांकडून कबूल करून घ्यावं.

एका वेळी एकच बदल करा. बारदाना, टोकनांची संख्या आणि पावतीचं टेबल, तिन्ही एकाच सोमवारी बदललं तर कशाने काय झालं हे कळत नाही. बदलानंतर पूर्वीसारखंच, त्याच वहीत, गाडीमागे चालून वेळ लिहा. काटा वेगवान झाला की रांग दुसरीकडे सरकते, बहुधा कॉम्प्युटरच्या टेबलाकडे. ती सरकली म्हणून निराश होऊ नका, आता पाटाचं तोंड तिथे आहे एवढंच.

पैशांचा नकाशा

पावती ते खातं, या दुसऱ्या नकाशात सगळं थांबणंच असतं: लॉट गोदामात जमा होईपर्यंत, गोदामाची पावती मिळेपर्यंत, बिल वर जाईपर्यंत. त्यातलं बरंचसं आपल्या हातात नाही. आपल्या हातात एक मोठी गोष्ट आहे, खाते क्रमांक. एक अंक चुकला की पैसे परत येतात आणि दुरुस्तीचा अर्ज पुन्हा सुरुवातीपासून फिरतो. नकाशावर हा मागे जाणारा बाण मोठा आणि लाल काढा. उपाय नोंदणीच्या टेबलावरच आहे. खाते क्रमांक पासबुकावरून भरा, माणसाच्या आठवणीवरून नको. स्क्रीन शेतकऱ्याकडे वळवा, क्रमांक मोठ्याने वाचा, त्यांनी हो म्हटल्यावरच पुढे जा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, त्यामुळे जुनं पासबुक घेऊन कुणी आलं तर आयएफएससी कोड शाखेत विचारून घ्यायला सांगा. हे काम एका मिनिटाचं आहे आणि ते राहिलं तर एखाद्या घराची रब्बीची पेरणी अडते.

दुसऱ्या कामांना हीच रीत लावताना

अकोल्याकडच्या दालमिलमध्ये नकाशा काढायचा असेल तर तुरीमागे चाला. तिथे एक काळजी घ्या. तुरीला तेल लावून ती मुरायला ठेवतात, मग उन्हात वाळवतात. नकाशात हे थांबणं दिसतं, पण ते प्रक्रियेचाच भाग आहे. ते कापलं तर साल नीट सुटत नाही आणि चुरी वाढते. म्हणून प्रत्येक लाल चिठ्ठीला आधी विचारा की हे थांबणं मालाला हवं आहे की आपल्याला टाळता आलं नाही म्हणून आहे.

जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीमागे चाला. १७० किलोची एक गाठ व्हायला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो, त्यामुळे आवारात किती गाठींचा माल पडून आहे हे लगेच काढता येतं. उघड्यावर पडलेला कापूस म्हणजे अडकलेला पैसा आणि आगीची भीती, दोन्ही. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांवर ओलावा गेला की भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेतला जात नाही, म्हणून तिथेही ‘नाही’चा बाण आधी काढा.

ग्रामपंचायतीत एखाद्या दाखल्यामागे चाला. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे आणि अधिसूचित सेवांना दिवसांची मुदत ठरलेली आहे. ही मुदत नकाशाच्या माथ्यावर लिहा. सुरुवातीचा गोल मात्र ‘अर्ज दिला’ एवढ्यावर ठेवू नका, ‘अर्जाची पोच मिळाली’ हे वेगळ्या चौकोनात दाखवा. या दोघांत किती दिवस गेले ते पाहिलं की पुष्कळ काही समजतं.

नकाशा जपून ठेवणं

फ्लेक्सचा मोबाइलवर फोटो काढा आणि केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. कॉम्प्युटरवर नीट काढायचा असेल तर लिबरऑफिस ड्रॉ किंवा ड्रॉ डॉट आयओ ही साधनं मोफत आहेत आणि दोन्हींत देवनागरी चालते. पण भिंतीवरचा कागद काढू नका. तो काट्याजवळ, हमालांना वाचता येईल अशा उंचीवर लावा. कोपऱ्यात तारीख आणि काढणाऱ्यांची नावं लिहा, हमालांची सुद्धा.

सोयाबीन संपून तुरीची खरेदी सुरू होण्याआधी हाच नकाशा खाली उतरवा आणि त्याच माणसांना घेऊन पुन्हा एकदा सतरंजीवर बसा. गेट आणि पावतीच्या चिठ्ठ्या बहुधा तशाच राहतील. तपासणीच्या चिठ्ठ्या नव्याने लिहाव्या लागतील, आणि हमाल बदलले असतील तर काट्याच्या चिठ्ठ्याही. तुरीची पहिली गाडी आत आली की वही घेऊन तिच्यामागे चाला.